सदाची दुसरी बाटली

सदा, लेका, तुझे पुढचे दोन दात माझ्या धाकट्या भावानं पाडले होते. हे वाक्य मी इतकी वर्षं घशात दाबून ठेवलं, कारण तूच फौजदाराला सांगितलंस, "पंखा पडला." आणि वर तो पंखा गरागरा फिरत होता! फौजदार एकदा पंख्याकडं बघतोय, एकदा तुझ्या रक्तानं भिजलेल्या सदऱ्याकडं, आणि तू फुटक्या ओठांनी पुन्हा तेच सांगतोयस, "पडला, आन परत वर जाऊन बसला. खाजगी पंखा हाय सायेब, सरकारी न्हाय. मेहनती असत्यात." आपल्या दोघांत खोटं बोलायचा मक्ता माझ्याकडं होता. तू जन्मात एकदा खोटं बोललास आणि तेही इतकं गचाळ, की गुरू म्हणून मला मान खाली घालावी लागली.

आता तू गेलास. तुझ्या दहाव्याला तोच भाऊ, रंगा, म्हणाला, "दादा, आता लिही. माझं नाव घालून लिही." म्हणून लिहितोय. तुझा जन्म, शिक्षण, हुद्दा ज्याला पाहिजे त्यानं कऱ्हाटीच्या चौकातला फ्लेक्स वाचावा. त्यावर फोटोही शोधून तोंड मिटलेलाच लावलाय. मला तो माणूस ओळखूच येत नाही. माझा सदा म्हणजे तोंड उघडं, पुढं भगदाड, आणि त्या भगदाडातून शिट्टीसारखा बाहेर पडणारा नियम.

नियमच. कंपन्या आपल्या ड्रायव्हरांची लघवी लॅबकडून तपासून घेतात, गडी नशापाणी करून गाडीवर बसतो का ते बघायला. त्या लॅबांवर नजर ठेवणारा सरकारी निरीक्षक तू. बारामतीपासून इंदापूरपर्यंत लोक तुला 'मुतारी इन्स्पेक्टर' म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक. मी ठेवलं असं म्हणणारे माझे दुश्मन आहेत, आणि ते खरं बोलतात.

तुझा सगळ्यात मोठा नियम दुसऱ्या बाटलीचा. एकाच धारेच्या दोन बाटल्या करायच्या. पहिली लॅबनं तपासायची, दुसरी सीलबंद करून फ्रिजमध्ये. भांडण झालं तर दुसरी बाटली सरकारी प्रयोगशाळेकडं जायची. तू म्हणायचास, "भान्या, माणूस खोटं बोलतोय, लॅबबी खोटं बोलती. दुसरी बाटली कायबी बोलत न्हाय, ती थांबती." आणि त्या सीलवर तू सही करायचा नाहीस, अंगठा उठवायचास. एवढा शिकलेला माणूस अंगठेबहाद्दर का, असं विचारलं तर उत्तर तयार, "सही कुणीबी मारंल. अंगठा पायजे आसंल तर कापूनच न्यावा लागंल."

शाळेत तू माझा कान चावला होतास, सातवीत, गोट्यांवरून. अजून वण आहे. म्हणजे रंगानं तुझे दात पाडले तरी त्यांचा शिक्का माझ्या कानावर कायम आहे. सरकारी दफ्तरात इतका पक्का शिक्का दुसरा नसेल.

तर तो टँकर. स्पिरिटनं भरलेला, इंदापूर रस्त्यावर भर दुपारी उलटला. मी मागून माझा टँकर घेऊन येत होतो. ज्वाळा एवढी उठली की उजनीतले मासे वर येऊन बघायला लागले, असं मी सगळ्यांना सांगतो. तू सोडून कुणाला सांगत नाही ते हे: केबिनमधला गडी काच बडवत होता आणि माझ्या हातातल्या लोखंडी टामीनं काच फुटेपर्यंत आतलं बडवणं थांबलं होतं. शेजारचा ऊस उभाच्या उभा पेटला. वाचलेला क्लीनर रस्त्यावर बसून एकच बोलत राहिला, "डायवर मालक गोळीवर होतं, अफूच्या गोळीवर होतं."

दुसऱ्याच दिवशी वरून आदेश सुटला, तातडीचा. टँकरवर बसणाऱ्या प्रत्येकाची तपासणी ताबडतोब करा. लघवी तपासायच्या एवढ्या पट्ट्या कुठं होत्या? मग त्याही तातडीनं. निविदा नाही, नमुना नाही, निरीक्षकाची पसंती नाही. 'तातडीची गरज' असा शिक्का मारला आणि बारामतीच्या लॅबसमोर टेम्पोभर खोकी येऊन पडली. तू एक खोकं उघडलंस आणि तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावलास. मी शेजारी उभा होतो.

"सायेब, ही दवाखान्यातली पट्टी हाय. अफूची सावली पडली तरी बोंबलती. कामगाराला जरा कमी ऐकणारी पट्टी लागती, न्हायतर गरीब मरंल."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण तुझे कान लाल झाले.

"लेखी हरकत देतो सायेब. आन दुसऱ्या बाटल्या मी ठेवणार. त्याला तुमचा आदेश आडवा आला तर आदेशावर चढून ठेवणार."

हरकत गेली केराच्या टोपलीत. फ्रिज मात्र तू मिळवलास.

आणि नशिबाचा खेळ बघ, तपासणीच्या आदल्या दिवशी आपली जत्रा. आपल्याकडं जत्रेच्या रश्शात पाहुण्याची बोटं बुडाली तर यजमानाची इज्जत बुडाली. रस्सा दाट पाहिजे, आणि दाट करायला खोबऱ्याबरोबर खसखस. ज्याच्या घरी खसखस जास्त, त्याची मिशी वर. त्या वर्षी वाटण मी केलं होतं. रस्सा एवढा दाट, की पळी उभी केली तर दीपमाळ म्हणून बायका नमस्कार करून गेल्या. झाडून सगळे ड्रायव्हर माझ्या पंगतीला. ओरपून ओरपून वाट्या चाटल्या. आता खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी, हे पंगतीत कुणाला आठवायचं होतं?

सकाळी बाटल्या भरल्या. त्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर गडी स्वच्छ, एकच उमटली तर नशेबाज. आमच्या सगळ्यांच्या पट्टीवर एकच रेघ. सगळ्यांच्या! देवळात पाऊल ठेवण्याआधी तीनदा पाय धुणाऱ्या देवभोळ्या गड्याच्यासुद्धा. संध्याकाळपर्यंत चाव्या काढून घेतल्या आणि आमची नावं गेटवर लागली. घरी गेलो तर बायकोनं तांब्या फेकून मारला. कपाळ फुटलं. "अफू खातासा व्हय? तरीच म्हनलं ह्यो माणूस रोज खोटं कसा बोलतोय!" तिला म्हटलं, अगं ते मी शुद्धीत असताना बोलतो. दुसरा तांब्या आला.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबवर गेलो. गेलो म्हणजे तुटून पडलो. टामी, पाने, चेन, ज्याच्या हाताला जे लागलं ते. दाराची काच पहिल्याच दणक्यात गेली. लॅबचा मालक टेबलाखाली शिरला, तर टेबलच उचलून रस्त्यावर. खुर्च्या खिडकीतून उडत होत्या. कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ उपटून त्याच्यावर नाचला. मी मशिनवर टामी घातली तेव्हा असा आवाज आला, की वालचंदनगरच्या क्वार्टर्समधली पोरं झोपेतून दचकली, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. त्या जळक्या केबिनची काच मी उशिरा फोडली होती, ती त्या दिवशी फोडत होतो.

आणि मग आतल्या खोलीत फ्रिज दिसला, आणि फ्रिजला पाठ लावून तू.

"ह्याला हात लावायचा न्हाय," तू म्हणालास.

"सदा, बाजूला व्हय," मी ओरडलो. "त्यात आमची बदनामी हाय."

"येड्यांनो, ह्यात तुमची सुटका हाय! पट्टी खोटी हाय, हे ह्याच बाटल्या सांगतील. फोडा, आन जन्मभर अफूबाज म्हणून मिरवा!"

ऐकायला कान लागतात, आणि त्या दिवशी आमच्या डोक्यावर कान नव्हते, शिंगं होती. पहिला आला त्याला तू खुर्ची घातलीस. दुसऱ्याच्या पोटात डोकं. तुझा चष्मा गेला, बाही खांद्यापासून फाटली, कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं, तरी तू आंधळ्यासारखा समोर येईल त्याला झोडत होतास. आमचाच मूत वाचवायला तू आमच्याशीच मारामारी करत होतास, सदा! अशी लढाई पुराणात असेल तर मला दाखवा.

सगळ्यात चवताळला होता रंगा. त्यानं भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उपटलं, दोन्ही हातांनी उचललं आणि फ्रिजवर घालायला धावला. तू मधे आलास. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ओला नारळ फुटावा तसा. तू खाली बसलास, तोंडातून रक्ताची धार लागली, आणि त्यातून दोन पांढरे खडे फरशीवर घरंगळले. पण बसलास तोही फ्रिजच्या दाराला पाठ लावूनच. रंगाच्या हातातून नळकांडं गळून पडलं, त्याचं तोंड उघडलं, आणि खोलीभर पांढरा धूर. पोलीस आले तेव्हा आम्ही सगळे भुतांसारखे पांढरे, आणि तू एकटा लाल.

मग तू काय केलंस ते मी मरेपर्यंत सांगत राहणार. डोक्याला पट्टी, तोंडात भगदाड, अशा अवतारात तू माझ्या दारात. "भान्या, जत्रंचा रस्सा कर. तसाच दाट. खसखस वाचवू नगंस." डबा भरून तू पुण्याला गेलास. तातडीच्या आदेशाची बैठक होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तू डबा उघडलास. आता मटणाच्या वासापुढं हुद्दा टिकत नाही. मोठ्या साहेबांनी वाटी चाटली म्हणे, आणि त्यांच्या हाताखालच्यांनी साहेबांची वाटी. दुसऱ्या सकाळी तू त्यांच्यासमोर रिकाम्या बाटल्या आणि तीच पट्टी ठेवलीस.

"सायेब, फक्त खातरजमा."

सगळ्यांच्या पट्टीवर एक रेघ! सरकारी कचेरी अफूबाजांनी भरलेली! तातडीचा आदेश त्याच दुपारी तातडीनं मागं घेतला गेला. पट्ट्यांची खोकी परत टेम्पोत चढली, लॅबला टाळं लागलं. पुढं नवा नियम आला, की खरेदी कितीही तातडीची असो, निरीक्षकानं तपासल्याशिवाय खोकं उघडायचं नाही. त्या नियमाला सरकार काय म्हणतं मला माहीत नाही. आपल्या तालुक्यात त्याला रश्शाचा नियम म्हणतात.

आणि दुसऱ्या बाटल्या सरकारी प्रयोगशाळेतून बोलून परत आल्या. आम्ही सगळे सुटलो. प्रत्येकाच्या बाटलीत फक्त जत्रा सापडली. रंगाच्या बाटलीत मात्र एवढी अफू निघाली, की तेवढी भरायला खसखशीचं पोतं एका दमात खावं लागलं असतं. गडी लांबच्या खेपांना गोळी खात होता. नळकांडं त्यानं फ्रिजवर का उचललं होतं, ते मला तेव्हा कळलं. तुला आधीच कळलं असणार.

मी तुला कालव्यावर गाठलं. तू पुलाच्या कठड्यावर बसला होतास.

"सगळ्यांना सोडवलंस," मी म्हटलं. "ह्या एकाला कशाला आडकिवतूस? म्हण, बाटली फुटली. दंग्यात फुटली म्हण."

"फुटली न्हाय."

"फौजदाराला पंखा पडला म्हणालास न्हवं? माझ्या भावानं तुझं डोकं फोडलं ते गिळलंस. मग ही बाटलीबी गिळ की!"

"भान्या, डोकं माझं हाय. मी माफ करीन न्हायतर पुजा घालीन. टँकर रस्त्यावर फिरतोय. रस्ता माझ्या बापाचा न्हाय."

मी तुझी गचांडी धरली. तू सोड म्हणाला नाहीस. मी मुस्काटात मारली, तू माझ्या बरगडीत कोपर घातलंस, आणि आपण दोघं कठड्यावरून थेट पाण्यात. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं. वाहत वाहत मारामारी! लोक म्हणतात शंभर पावलं गेलो असू. मी म्हणतो थेट इंदापूरपर्यंत. पाण्यात तू मला बुडवत होतास आणि मी तुला, आणि मधेच तू ओरडलास, "त्या काचंवर किती वेळ बडवत हुतास, इसरलास व्हय?"

माझे हात सुटले. तूच मला काठाला ओढलंस. त्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही. उसाचा एक अख्खा हंगाम बोललो नाही.

तेवढ्यात काय काय झालं ते तुझ्या बायकोकडून, शालन वैनीकडून कळत गेलं. रंगा टँकरवरून उतरला. त्याला दवाखान्यात तूच नेलंस. अफू सुटताना तो खाटेवर मासळीसारखा आपटायचा, शिव्या घालायचा, वॉर्डबॉयला चावायचा, आणि तू त्याचे पाय धरून बसायचास. त्यानं लाथ घातली तर म्हणायचास, "सावकाश मार रं. उरल्यालं दात म्हातारपणाला लागतील." बरा झाल्यावर पंचायतीची वैकुंठगाडी चालवायला तूच त्याला लावलंस. आणि दर वेळी गाडीवर बसायच्या आधी बाटली. गाडीतला पाहुणा मेलेला असला तरी.

मी तुझे आभार मानले नाहीत, सदा. आपल्यात आभार म्हणजे शिवी. पण तू बरोबर होतास, हेही म्हणालो नाही. ते राहिलं. भांडण संपलं असं आपण धरून चाललो, पुन्हा एका ताटात जेवायला लागलो, पण निकाल मी तुला कधी दिला नाही. तूही मागितला नाहीस. थांबलास. तुझ्या बाटल्यांसारखा.

आणि परवापरवा खुर्चीत बसल्या बसल्या तुझं काळीज थांबलं. एवढे घाव खाल्लेला गडी, आणि गेला कसा तर कुणाचा धक्काही न लागता. मला राग आला. अजून आहे.

आता तुझं मयत उन्हं चढेपर्यंत दारात का थांबलं, ते सांगतो.

तुला वैकुंठगाडीत ठेवलं. रंगा डोळे पुसत पुढं झाला, दार उघडलं. तेवढ्यात वैनी उठल्या.

"रंगनाथ, चावी ठिव."

"वैनी?"

"ह्यांनी जन्मभर एक नियम पाळला. आज ह्यांनाच मोडायला लावतूस? आधी बाटली."

गर्दीत कुजबूज झाली. कुणी म्हातारा म्हणाला, "आवो, मयत थांबलंय!"

"मयताला कशाची घाई? घाई असंल तर तुमाला असंल," वैनी म्हणाल्या. तुझी तपासणीची पिशवी त्यांनी स्वतः आणली. रंगा मान खाली घालून गोठ्यामागं गेला आणि दोन्ही बाटल्या भरून आला. पट्टी मी धरली. चांगली, कमी ऐकणारी.

पहिली रेघ उमटली. अख्खा गाव वाकून बघत होता. दुसरी येईना. सदा, मी बाजूला पडलेली कुऱ्हाड बघून ठेवली. लाकडं फोडायला आणली होती. मनात म्हटलं, दुसरी रेघ आली नाही, तर आज कऱ्हेच्या काठावर सरणं दोन लागतील. रंगानं माझी नजर बघितली आणि तो जागचा हलला नाही.

मग उमटली. आधी पुसट, मग लख्ख.

माझी बायको किंचाळली, "दोन रेघा! अगं बया, आमचा रंगा पोटुशी हाय व्हय?"

तुझ्या मयतात गाव हसला. वैनी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी असा टाहो फोडला की गोठ्यातली जनावरं दावणीला हिसके द्यायला लागली.

राहिली दुसरी बाटली. सील केलं. पण अंगठा? वैनी गाडीत चढल्या. तुझ्या छातीवरच्या गुलालात तुझाच अंगठा दाबला आणि सीलवर उठवला. मग रंगानं गाडी चालू केली आणि तुला असं नेलं, की शेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्या पुढं निघून गेल्या.

ती बाटली माझ्या फ्रिजमध्ये आहे. दह्याच्या पातेल्याशेजारी. बायको रोज म्हणते, "आवो, भांडण न्हाय, तंटा न्हाय, कशाला ठिवलीया? टाका की."

भांडण आहे. कालव्यावरचं. त्यात तू बरोबर होतास, हे आज सगळ्यांसमोर लिहून दिलं. म्हणजे बाटलीचं काम संपलं, टाकायला हरकत नाही.

पण तिच्यावर तुझा अंगठा आहे, सदा.